सम्यक आजीविका आणि एका रायफलीची गोष्ट



अष्टांगिक मार्गाची आठ अंगे आपल्या मुलांनाही पाठ असतात. त्यांतल्या सम्यक आजीविकेबद्दल मात्र आपण परदेशात राहणारे लोक फार थोडे बोलतो. शीलावर प्रवचने होतात, ध्यानाची शिबिरे होतात. पण दर पंधरा दिवसांनी बँकेत जमा होणारा पगार कशातून येतो, हा प्रश्न चपलांबरोबर विहाराच्या दाराशीच राहतो. त्याला कारणही आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात शिकून पगारदार झालेली ही पहिली नाहीतर दुसरी पिढी. नोकरी लागली याचाच आनंद एवढा मोठा होता, की ती कसली आहे हे विचारायचे कोणाला सुचणार?

आता चित्र बदलते आहे. आपली मुले इथली नागरिक आहेत, इंजिनीअर होत आहेत, आणि कॉलेजच्या जॉब फेअरमध्ये संरक्षण क्षेत्रातल्या कंपन्याही टेबल मांडून बसतात. पगार चांगला, काम आव्हानाचे. मग मुले घरी येऊन विचारतात: क्षेपणास्त्राला दिशा देणारे सॉफ्टवेअर बौद्धाने लिहावे का?

या प्रश्नाला आपल्या समाजात दोन तयार उत्तरे मिळतात. पहिले: बुद्धाने शस्त्रांचा धंदा निषिद्ध मानला आहे, विषय संपला. दुसरे: आपले पूर्वज सैनिक होते, बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते, महार रेजिमेंट बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी उभी राहिली, मग शस्त्राचे वावडे कशाला? दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण दोन्ही घाईची आहेत. शस्त्राविषयी मोघम बोलत राहिलो तर आपण याच दोन टोकांमध्ये हेलकावे खात राहू. म्हणून मी आज एकच शस्त्र निवडले आहे. ते याच देशात घडले, त्याचा इतिहास नीट नोंदलेला आहे, आणि आपल्याला जे प्रश्न पडतात ते बहुतेक सगळे त्याच्या वाटेत येऊन गेले आहेत.

आधी सुत्त काय म्हणते ते पाहू. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात एक अगदी छोटे सुत्त आहे. उपासकाने पाच व्यापार करू नयेत, असे त्यात सांगितले आहे: शस्त्रांचा, जिवंत जीवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. यादीत पहिले नाव शस्त्रांचे आहे. मूळ शब्द आहे सत्थवणिज्जा. वणिज्जा म्हणजे वाणिज्य. शस्त्र हातात धरण्याबद्दल हे सुत्त बोलत नाही, शस्त्राच्या व्यापाराबद्दल बोलते. हा फरक मनात ठेवून पुढे जाऊ.

मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनपासून सुमारे ९० मैलांवर, स्प्रिंगफील्ड नावाचे शहर आहे. तिथे १७९४ साली अमेरिकन सरकारची शस्त्रशाळा सुरू झाली. ती १९६८ साली बंद झाली आणि आता तिथे नॅशनल पार्क सर्व्हिसचे संग्रहालय आहे. एकाच मापाचे सुटे भाग यंत्रावर बनवायचे, म्हणजे कोणताही भाग कोणत्याही बंदुकीला बसेल, ही पद्धत अशा सरकारी शस्त्रशाळांमध्ये पक्की झाली. तीच पुढे शिवणयंत्राच्या आणि सायकलीच्या कारखान्यांत गेली. आपण सॉफ्टवेअरचे लोक ज्याला मॉड्यूल म्हणतो, त्याच्या खापरपणजोबाचे गाव ते हेच.

या शस्त्रशाळेत जन्मलेली मॉडेल १९०३ ही बोल्ट-ॲक्शन रायफल. बोल्ट म्हणजे दाराच्या अडसरासारखा पोलादी दांडा. मूठ वर उचलून तो मागे ओढला की रिकामी पुंगळी बाहेर पडते. पुढे ढकलला की नवे काडतूस नळीत जाते. मूठ खाली दाबली की नळीचे मागचे तोंड घट्ट बंद होते आणि चाप ओढायला शिपाई मोकळा होतो. सगळे मिळून दोन-तीन सेकंदांचे काम.

ही रायफल तयार करण्याची गरज क्यूबात निर्माण झाली. १ जुलै १८९८ रोजी अमेरिकन सैन्याने सॅन हुआनच्या टेकड्या आणि एल काने हे गाव घेतले. एल कानेला सुमारे ५०० स्पॅनिश सैनिकांनी आपल्यापेक्षा दहापटीहून मोठ्या फौजेला दिवसभर रोखून धरले. त्या एका दिवसात अमेरिकेचे सुमारे २०० सैनिक ठार आणि हजारावर जखमी झाले. याला अनेक कारणे होती, पण एक कारण सर्वांच्या डोळ्यांत भरले. अमेरिकन शिपायाजवळची क्राग ही नॉर्वेच्या धर्तीची रायफल बाजूचे झाकण उघडून एकेक काडतूस टाकून भरावी लागे. स्पॅनिश शिपायाजवळची जर्मन बनावटीची माउझर पाच काडतुसांची क्लिप वरून अंगठ्याने दाबली की भरे. त्यातून क्रागचा बोल्ट एकाच खोबणीत अडकत असल्याने जास्त दाबाचे काडतूस तिला पेलत नसे.

युद्धानंतर जप्त केलेल्या माउझर स्प्रिंगफील्डला आणल्या गेल्या. १९०० पासून नमुने बनू लागले आणि जून १९०३ मध्ये नवी रायफल मंजूर झाली. सॅन हुआनच्या लढाईत लढलेले थिओडोर रूझवेल्ट तोवर राष्ट्राध्यक्ष झाले होते. तिची सळईसारखी संगीन त्यांना इतकी कुचकामी वाटली, की १९०५ साली त्यांनी स्वतः पत्र लिहून ती बदलायला लावली. १९०६ साली टोकदार गोळीचे नवे काडतूस आले आणि त्यासाठी नळ्याही बदलल्या गेल्या. ही झाली तंत्राची हकीकत. यापुढचे तीन प्रसंग धम्माच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

पहिला प्रसंग पैशाचा. नवी रायफल माउझरशी इतकी जुळत होती, की पेटंटचा प्रश्न उभा राहिला. १९०५ साली करार झाला: दर रायफलीमागे ७५ सेंट आणि दर हजार क्लिपांमागे ५० सेंट, एकूण २ लाख डॉलर होईपर्यंत. टोकदार गोळीच्या पेटंटवरून आणखी एका जर्मन कंपनीने दावा लावला. मग १९१७ साली अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली. जर्मन कल्पनेवर बनलेल्या, जर्मन कंपनीला मोबदला दिलेल्या रायफली घेऊन अमेरिकन तरुण जर्मन तरुणांवर गोळ्या झाडत होते. त्या युद्धात एक लाखाहून अधिक अमेरिकन सैनिक गेले. पण गोळीच्या आकाराचा दावा मेला नाही. तो वर्षानुवर्षे चालला आणि १९२८ साली व्याजासह चार लाखांहून अधिक डॉलर त्या जर्मन कंपनीला मिळाले.

सत्थवणिज्जा हा शब्द मला इथे उलगडतो. शिपायाला शत्रू असतो. व्यापाराला शत्रू नसतो, गिऱ्हाईक असते. लढाई कोणीही जिंको, क्लिपांचा हिशेब हजारांनी वाढतच जातो. ज्याचे उत्पन्न दुसऱ्याच्या भीतीबरोबर वाढते, त्याचे मन हळूहळू त्या भीतीची वाट पाहू लागते. तो माणूस दुष्ट असावा लागत नाही. शेअरचा भाव वर जावा एवढीच त्याची इच्छा असते. बुद्धाने शस्त्रे, मद्य आणि विष एकाच यादीत घातले त्याचे मर्म मला हेच वाटते. या धंद्यांत दुसऱ्याचे दुःख हा अपघात नाही, ती मागणी आहे. कम्म म्हणजे चेतना, असे आपण शिकतो. आजीविका ही रोज आठ तास चेतनेला वळण लावणारी गोष्ट आहे. म्हणून मार्गात तिला स्वतंत्र जागा आहे.

दुसरा प्रसंग कारखान्यातला. नळी आणि बोल्ट ज्या पोलादी गाभ्यात बसतात त्याला रिसीव्हर म्हणतात. तो भट्टीत तापवून घडवला जाई. पोलाद किती तापले हे मुरलेले कारागीर त्याच्या रंगावरून डोळ्यांनी ठरवीत. १९१७ च्या सुमारास काही रायफली शिपायांच्या तोंडासमोरच फुटल्या. चौकशी झाली, तापमापक यंत्रे लावली गेली, तेव्हा उमगले की लख्ख उन्हाच्या दिवशी तापलेल्या पोलादाचा रंग फिका भासतो. त्यामुळे ढगाळ दिवसाच्या तुलनेत उन्हाच्या दिवशी तेच कारागीर पोलाद ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त तापवीत होते. असे जास्त तापलेले पोलाद ठिसूळ होते. १९१८ मध्ये पद्धत बदलली. पण तोवर स्प्रिंगफील्ड आणि रॉक आयलंड या दोन शस्त्रशाळांतून मिळून दहा लाखांहून अधिक रायफली जुन्या पद्धतीने बाहेर पडल्या होत्या. त्यांतली कोणती कच्ची आणि कोणती पक्की, हे वरून ओळखता येत नव्हते. त्या सगळ्या बाद कराव्यात अशी शिफारस १९२० च्या दशकाच्या अखेरीस झाली. तरीही त्या सरसकट मोडीत निघाल्या नाहीत; दुरुस्तीला येतील तशा बाद करायच्या, असे ठरले.

इंजिनीअरांना ही गोष्ट आवडेल, कारण तिचा बोध सरळ आहे: परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, मोजून पाहा. कालाम सुत्ताचाही आशय असाच आहे. पण मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. रायफलीच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला इजा झाली तर तो दोष. त्यासाठी चौकशी, यंत्रे, नवी पद्धत. पुढे उभ्या असलेल्या माणसाला इजा झाली तर ते यश. १९१५ ते १९३४ या काळात अमेरिकन मरीन्सनी हैतीवर ताबा ठेवला तो याच रायफली घेऊन. तिथे त्यांच्यासमोर आलेले शेतकरी कोणत्याही तपासणीच्या तक्त्यात नव्हते. गुणवत्तेचे शास्त्र कितीही काटेकोर असो, कोणाचे दुःख मोजायचे हे ते शास्त्र ठरवत नाही. ते आधीच ठरलेले असते.

धम्मपदाचा दंडवग्ग आपल्याला नेमका इथे थांबवतो. स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहा, आणि मारण्यापासूनच नव्हे तर मारवण्यापासूनही दूर राहा, असा त्याचा आशय आहे. आजच्या शस्त्रनिर्मितीत मारवणे इतक्या तुकड्यांत वाटलेले असते, की एकाही तुकड्यावर रक्ताचा डाग दिसत नाही. एक जण कॅमेऱ्यातली चित्रे ओळखणारे मॉडेल शिकवतो, दुसरा डेटाबेस सांभाळतो, तिसरा फक्त चाचण्या चालवतो. प्रत्येकाचे तिकीट बंद होते आणि प्रत्येक जण वेळेवर घरी जातो. भट्टीजवळच्या कारागिराने निदान रायफलीचा तुकडा चिमट्यात धरला होता. आपल्याला तेवढेही दिसत नाही. म्हणून आपल्याला मुद्दाम विचारावे लागते: या साखळीच्या शेवटी कोण उभे आहे?

तिसरा प्रसंग आपल्या काळजाजवळचा आहे. एल कानेच्या लढाईत माउझरच्या गोळ्या झेलणाऱ्यांमध्ये २५ वी इन्फन्ट्री ही कृष्णवर्णीय सैनिकांची रेजिमेंट होती. आठ वर्षांनी, १९०६ च्या उन्हाळ्यात, तिची एक बटालियन टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल गावात आली. जुन्या क्राग जाऊन त्यांच्या हाती नव्या स्प्रिंगफील्ड रायफली आल्या होत्या. काळे सैनिक गावातल्या गोऱ्यांना नकोच होते. १३ ऑगस्टच्या मध्यरात्री गावात गोळीबार झाला आणि एक बारमन मारला गेला. हजेरी घेतली तेव्हा जवान बराकीत होते. पण सकाळी रस्त्यात स्प्रिंगफील्डच्या पुंगळ्या सापडल्या आणि त्या पाहून त्यांच्या कमांडरचाही विश्वास डळमळला.

एकाही जवानावर खटला चालला नाही. कोणी कबुली देत नाही, म्हणजे सगळे मिळून लपवत आहेत, एवढ्यावर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १६७ जवानांना बडतर्फ केले. पेन्शनचा हक्कही गेला. पुढे सिनेटच्या चौकशीत पुंगळ्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या गेल्या. त्या कोणत्या रायफलींतून सुटल्या हे सांगता आले, पण कधी आणि कुठे हे सांगता आले नाही. या पुंगळ्या नेब्रास्कातल्या आधीच्या नेमबाजीच्या सरावातल्या आहेत, असे जवानांची बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे होते. न्याय मिळायला १९७२ साल उजाडले. लष्कराने त्या सर्वांना सन्मानाने सेवामुक्त ठरवले, तेव्हा त्यांतले जवळजवळ सगळे मरण पावले होते.

हे वाचताना तुम्हाला आपला इतिहास आठवल्याशिवाय राहणार नाही. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढलेल्यांच्या नातवंडांना १८९० च्या दशकात जातीवरून लष्कराची दारे बंद झाली. त्यांनीही कोणता गुन्हा केला नव्हता. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा मागणी मांडली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार ही पलटण उभी राहिली, आणि गरज संपताच १९२१ साली मोडली गेली. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली ती बाबासाहेबांनी संरक्षण सल्लागार समितीत ही मागणी लावून धरली तेव्हा. आपल्या पूर्वजांना मारण्याची हौस होती म्हणून त्यांनी बंदूक मागितली नाही. ज्याच्या हाती राज्य विश्वासाने शस्त्र देते तो नागरिक, आणि ज्याच्या हातातून काढून घेते तो अस्पृश्य, हे त्यांना कळले होते.

तेव्हा शस्त्र धरणारा हात आणि शस्त्रातून नफा काढणारा हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. अहिंसा हे आंधळेपणाने पाळायचे कलम नाही, विचार करून वागण्याचे तत्त्व आहे, असे ते मांडतात. सिंह सेनापतीच्या संवादातही शांततेचे सर्व उपाय थकल्यावर न्यायासाठी लढणाऱ्याला बुद्ध दोष देत नाही.

पण इथे आपल्याच अभिमानाला टोचणारे एक सुत्तही सांगायला हवे. संयुत्त निकायात एक योद्धा बुद्धाला विचारतो, की रणात मरणारा स्वर्गाला जातो हे खरे ना? बुद्ध पुन्हा पुन्हा म्हणतो, हे विचारू नकोस. तो हट्ट धरतो तेव्हा बुद्ध सांगतो, की समोरच्यांचा नाश व्हावा या विचाराने भरलेले मन घेऊन जो मरतो त्याची गती वाईट होते. योद्धा रडू लागतो. आपण शौर्यदिन साजरा करतो आणि तो करावाच. पण या सुत्ताकडे पाठ फिरवून नव्हे. बंदुकीचा हक्क मिळवणे हा मुक्तीचा एक टप्पा होता. बंदुकीवर प्रेम करणे हा टप्पा नाही.

मग त्या मुलांना काय सांगायचे? माझे मत मी स्पष्ट मांडतो. ज्या नोकरीत तयार होणारी वस्तू शस्त्र आहे, ती नोकरी, दुसरी सन्मानाची वाट उपलब्ध असताना, बौद्धाने घेऊ नये. ‘उपलब्ध असताना’ हे शब्द मी विचारपूर्वक लिहिले आहेत. एच-वन-बीवर असलेल्या माणसाला नोकरी सुटल्यावर नवी शोधायला ६० दिवस मिळतात. त्याची कंपनी अचानक अशा ग्राहकाचे काम घेते तेव्हा राजीनामा दे म्हणणे सोपे असते, त्याच्या घराचे भाडे आपण भरणार नसतो. त्याने दुसऱ्या प्रकल्पावर बदली मागावी, वाट शोधत राहावी, आणि तोवर संघाने त्याला नावे न ठेवता मदत करावी. अमेरिकेत जन्मलेल्या, हातात चार ऑफर असलेल्या मुलामुलींची गोष्ट वेगळी आहे. निवड करण्याची ऐपत ही आपल्या आजोबांनी कमावलेली ठेव आहे. ती जास्त पगाराच्या बाजूने आपोआप खर्च होऊ नये.

कोणी म्हणेल, मग इंटरनेट कशाला वापरता? त्याची सुरुवातही १९६९ साली अमेरिकन संरक्षण खात्याच्या पैशावर झाली. खरे आहे. पूर्ण स्वच्छ हात कोणाचेच नाहीत. पण सगळेच थोडे मळलेले आहेत म्हणून मळण्याला मर्यादाच नाही, हे तर्कशास्त्र पाणी अशुद्ध आहे म्हणून विष प्यायला सांगणारे आहे. अंतर मोजावे लागते. नकाशा दाखवणारे सॉफ्टवेअर आणि लक्ष्य निवडणारे सॉफ्टवेअर यांत अंतर आहे, आणि ते आपल्या क्षेत्रातल्या माणसाला चांगले कळते.

म्हणून ऑफर हातात आली की मुलामुलींनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. माझा बोनस वाढण्यासाठी जगात काय वाढावे लागते? माझ्या कामाच्या शेवटच्या टोकाला कोण उभे आहे, आणि त्याचे दुःख आमच्या चाचणीत दोष म्हणून मोजले जाते का? आणि हे काम मी विहारात, सर्वांसमोर, पूर्ण वाक्यात सांगू शकते का? तिसऱ्या प्रश्नाला जीभ अडखळली तर पहिल्या दोहोंची उत्तरे मिळालेली असतात.

आणि जे आई-वडील हे वाचत आहेत त्यांना एक विनंती. मुलीने अशी ऑफर नाकारली, तर ‘एवढा पगार सोडला?’ हा आपल्या तोंडून निघणारा पहिला शब्द नसावा. तिने सम्यक आजीविका शब्दशः पाळली आहे. धम्मवर्गात आपण तिला तेच तर शिकवले होते.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!